बारीक सूर

“रीळ घासलंय हे. कायतरी करा,” असे म्हणून विरुपाक्षाने कॅसेट फळीवर ठेवली.

उमरग्याच्या बसस्टँडसमोरच्या त्या कॅसेटच्या दुकानात कल्याणप्पांनी ती लगेच ओळखली. सहकारी संघाच्या बोअरच्या गाडीवर लागण्याआधी विरुपाक्ष काम शिकायला हैदराबादला गेला होता. तिथून चार वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, त्याने ती आणली होती. विलायती पोरांची गाणी. पेटी नाही, तबला नाही. सारे विजेच्या यंत्रांवर वाजवलेले. त्यातला एक शब्दही त्याला कळत नसे. पण तिसऱ्या गाण्यात, ठोक्यांच्या पार वर, एक बारीक सूर उमटे आणि काचेवरून थेंब ओघळावा तसा एकटाच खाली उतरत जाई. त्या सुरासाठी तो बाकीचे सगळे ऐकत असे. मग दुष्काळ पडला, गावोगाव बोअर सुरू झाले आणि कॅसेट दोन वर्षे ट्रंकेत राहिली. परवा त्याने ती पुन्हा लावली, तर गाणे होते, ठोके होते. सूर तेवढा नव्हता.

कल्याणप्पांनी स्पिरिटच्या बोळ्याने टेपचे हेड पुसले आणि गाणे लावले.

“आता यायला पाहिजे व्हता,” विरुपाक्ष म्हणाला. “बघा, न्हाय आला.”

“वाजतोय की रं.”

“थट्टा करू नका, अण्णा.”

“थट्टा करायला तू काय माझा मेव्हणा हायेस?”

साठीला टेकलेले कान. म्हाताऱ्याला भलतेच काही ऐकू येत असेल, असे विरुपाक्षाला वाटले.

देवीच्या गाण्यांची कॅसेट भरून होईपर्यंत धुरपताबाई बाकावर थांबल्या होत्या. त्यांनी पदर कानावर ओढला.

“बंद करा की ओ ते. कानात डास गुणगुणल्यावानी करालंय.”

“कुठं हाय डास?” विरुपाक्षाने विचारले.

“ह्यो काय. वरनं खाली येतोय. आता थांबला बघा.”

गाणे संपले. रीळ नुसतेच फिरत राहिले. कल्याणप्पांनी ते बंद केले.

“बोअरच्या मशीनवर कानात बोळा घालत न्हाईस व्हय?” कल्याणप्पांनी विचारले.

“बोळा घातला तर खाली दगड बदलल्याचं कळत न्हाय. ठोक्याचा आवाज फिरतो, त्यो ऐकावाच लागतो.”

“डाक्टरला दाखव एकदा.”

“त्यो म्हनंल, मशीन सोड. उद्या तामलवाडीला जायचंय. तीन बोअर कोरडे गेले तिथं. बायामानसं घागरी घेऊन दिवसभर बसून राहत्यात, अण्णा. त्यास्नी काय सांगू, माझे कान चाललेत म्हणून?”

कल्याणप्पांनी उगाच फळीवरची धूळ झटकली.

“अजून एकदा लावा,” विरुपाक्ष म्हणाला. “सूर आला की बोट वर करा. बोलू नका, नुसतं बोट.”

कल्याणप्पांनी रीळ मागे फिरवले. ठोके सुरू झाले. विरुपाक्ष त्यांच्या हातावर डोळे लावून उभा राहिला. धुरपताबाईंनी कानावरचा पदर हळूच बाजूला केला.

बोट वर गेले. थोडा वेळ तसेच राहिले आणि मग सावकाश खाली आले.

“न्हाय,” धुरपताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “अजून हाय जरासा.”

कल्याणप्पांनी बोट पुन्हा वर धरले.