नळीवरची चार बोटं

चिंदी पांढरी आली. तरी योगीराजनं ती खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली — नुसता तेलाचा वास, बंदुकीच्या दारूचा नाही. कुठून येणार, एकोणीस वर्षं बँकेच्या दारात उभं राहून ह्या दुनळीतून एकदाही बार निघालेला नाही — आणि नवी चिंदी गजाच्या टोकाला गुंडाळून तो डाव्या नळीकडे वळला. मोडून वेगळ्या केलेल्या नळ्या मांडीवर आडव्या, दस्ता वर्तमानपत्रावर, काडतुसं कपाटात कुलपाआड. गज आत, गज बाहेर. हा पूर्वरंग. मग पितळी ब्रश, पुन्हा चिंदी, आणि शेवटी तेलाचा पातळ हात, तो उत्तररंग. ही नावं बायकोनं, चंपानं ठेवलेली. आनेकलच्या देवळात एकादशीला जयतीर्थबुवा कीर्तनाला उभे राहत, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, आणि ही पुढच्या रांगेत मांडी घालून अशी ऐकायची की बुवा हिच्याकडे बघूनच ताल सांभाळतात असं वाटावं… घरी आली की ह्याचा गज चाललेला पाहून म्हणायची, तुमचा पूर्वरंगच संपेना, कथा लागणार कधी? न लागो बाई, तो म्हणायचा, न लागण्याचाच पगार आहे.

शेजारी पॉलिश पेपर पडला होता. कोरा, घडी न मोडलेला. काल एजन्सीच्या विठोजीनं स्वतःच्या खिशातून काढून दिलेला. विठोजी बेळगावकडचाच, पलटणीतून निवृत्त झालेला. नळ्या आकाशाकडे धरून त्यानं आत डोळा लावला आणि खूश होऊन मान हलवली. मग नळी फिरवली, उजव्या अंगाला बोट टेकवलं.

“अण्णा, आतनं आरसा आहे. पण हे बाहेरचं स्वल्प घासून टाका की. उद्या दहाला तपासणी. साहेबांनी कागदावर गंज लिहिलं तर मी काय करणार?”

गंज लिहिलं की बंदूक नापास, बंदूक नापास की महादेवपुऱ्याच्या शाखेचं दार बंद. बासष्टाव्या वर्षी बंदूकवाल्याला दुसरं दार कोण उघडतो. विठोजीचं बरोबर होतं. दोन मिनिटांचं काम. सरी, बरं, म्हणालो मी, आणि कागद घेतला.

चार डाग. तांबूस, लांबट, एकाखाली एक, जरासे तिरपे. साहेबाला गंजच दिसणार. दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीची चंपाची चार बोटं.

त्या वर्षी तो तापानं पडला होता. गल्लीत रिक्षांना हार, केळीचे खुंट, फोडलेले कोहळे… आणि घरातलं शस्त्र तसंच राहणार हे तिला कसं चालावं. तिनं दुनळी पाटावर घेतली, कुंकू पाण्यात कालवलं, पाची बोटं बुडवून नळीवर उमटवली, फुलं वाहिली. पुजलेलं शस्त्र दसऱ्याआधी हलवायचं नाही, म्हणून न पुसता तशीच खणात गुंडाळून ठेवली, वर निगुतीनं गाठ मारली. ओल आत, हवा बाहेर. पाचव्या दिवशी ताप उतरल्यावर त्यानं गाठ सोडली.

काय बोललो होतो मी?

अडाणी, म्हणालो. अठरा वर्षं पलटणीत काढली, एक ठिपका येऊ दिला नाही, आणि तू… ती दारात उभी होती, हातात उदबत्तीचं घर. रडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमच्या मागं उभं राहायला कुणी नको का? देव नको?” आणि तो कागद घेऊन बसला, तिच्या देखत, आणि अंगठा घासून काढला. पहिला अंगठाच. करकर, करकर… मग दमला, अंगात बळ नव्हतं, बाकीची चार दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवली. दोन दिवस अबोला. माघात ती गेली.

“बाबा, मी करू का?” श्वेता मागं उभी होती. सून, पुण्याची, कानातलं मीटिंगचं यंत्र काढून हातात घेतलेलं. “यूट्यूबवर बघितलं मी. हलक्या हातानं, एकाच डायरेक्शननं.” तिनं पेपर उचललाही होता. मायेनंच. योगीराजनं हात पुढं केला आणि तिच्या बोटांतून तो हळूच काढून घेतला.

“नाही घासायचं.”

“पण नोकरी?”

त्यानं नळी तिच्यापुढं धरली. चारांच्या बाजूला एक पांढुरकी जागा होती, रुपयाएवढी, जिथला निळसर काळा मुलामा उडून उघडं पोलाद वर आलं होतं. हे मी घासलं ते, त्यानं सांगितलं. तुझ्या सासूची बोटं दोन वर्षं जशीच्या तशी आहेत, खोल जात नाहीत, पसरत नाहीत. रोज नवा गंज धरते ती ही, माझी जागा. तेल चुकलं की सकाळी तांबडी.

श्वेतानं वाकून पाहिलं. “साहेबांना हे सांगा ना,” म्हणाली. “नाहीतर मी लिहून देते. इंग्लिशमध्ये.” मीटिंगमधून कुणी तरी तिला हाक मारत होतं. ती गेली.

सांगीन. आतून बघा म्हणेन, आणि बाहेरचं काय लिहायचं ते लिहा. दारातून काढा. पण हे पुसा म्हणणारा माणूस माझ्यापुढं उभा राहिला तर — आणि इथं गज मध्येच थांबला, कारण मनातल्या त्या माणसाला साहेबाचं तोंडच येईना. तापातून उठलेला, दाढी वाढलेला, हातात कागद घेतलेला तोच तो… कालपासून छातीत जे ताठ उभं होतं ते विठोजीवर नव्हतं, साहेबावरही नव्हतं. दोन वर्षं उशिरा, त्या माणसाचा कागद धरलेला हात रोखत होतो मी.

सव्वाआठ. बस साडेआठची. त्यानं नळ्या दस्त्यात बसवल्या, खटका पडला, पॉलिश पेपर घडीसकट केराच्या डब्यात टाकला. तेलाची चिंदी चार बोटांवरून फिरवली, हळू, आशीर्वाद घेतल्यासारखी. राहिली पांढुरकी जागा. तिच्यावर चिंदी नेता नेता त्यानं हात थांबवला.

उघड्या पोलादाला उघडा हात लावायचा नाही, घामानं गंज धरतो. पलटणीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ठाऊक आहे. मी अंगठा ठेवला, तिच्या चार बोटांशेजारी, जिथं तिचा होता तिथं. दाबला. ऊब पोलादात जाईतो तसाच धरला…

आणि पुसला नाही.