दोन बोटं कमी

"सात विजेतेपदं! सात! ब्रेडीचं नाव घेतल्याशिवाय हा वाद संपतच नाही," मी कॉफीचं भांडं टेबलावर ठेवत म्हणाले. खरं तर मला त्या ब्रेडीचं काडीचं कौतुक नाही. पण या म्हाताऱ्यांना डिवचायला त्याच्याइतकं हुकमी नाव दुसरं नाही.

"लॉरेटा, तू कॉफी ओत," व्हिन्स स्कारपाची उसळला. गावातल्या दोन पिढ्यांची डोकी त्यानं भादरली आहेत, त्यामुळे आपण बोललो की समोरच्यानं मान हलवू नये अशी त्याची अपेक्षा असते. "माँटाना! चार वेळा अंतिम सामना, चारही जिंकले. आणि आपल्या या नदीकाठचा पोरगा. आपल्या पाण्याचा!"

"पाण्याचं काय घेऊन बसलास? त्याच पाण्याचा तूही आहेस. तुझं काय झालं?" क्लॅरेन्स टिब्स शांतपणे म्हणाला. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस, आवाज कधी चढत नाही. "जिम ब्राऊन. नऊ मोसम, एक सामना चुकवला नाही. आणि ऐन भरात असताना, आता पुरे, म्हणून घरी गेला. बाकीच्यांची नावं त्यानंतर घ्यायची."

आमच्या उपाहारगृहातलं खिडकीजवळचं हे टेबल, दर शनिवारी सकाळी हाच वाद. अमेरिकन फुटबॉलमधला, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या खेळातला, आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? गिरणी बंद पडली, वरच्या आळीतलं चर्च विकलं गेलं, माझा नवरा गेला, पण हा वाद काही मिटला नाही. मिटला असता तर मीच पुन्हा उकरून काढला असता.

टेबलावरचा तिसरा माणूस, एमिल हुडाक, पिरोगीच्या उकडलेल्या करंज्यांवरचा परतलेला कांदा काट्यानं बाजूला सारत होता. वय अठ्ठ्याहत्तर. आधी गिरणीत पाइप जोडायचा, मग शाळेचा बॉयलर सांभाळला. आणि एकोणचाळीस वर्षं शाळेच्या सामन्यांना साखळी धरली.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर चेंडू तुमचा, नाही तर समोरच्यांचा. हे दहा यार्ड मोजायला दोन खांब असतात, मध्ये साखळी. ते धरणारी माणसं मैदानाच्या कडेला उभी राहतात. त्यांनी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, गावाच्या रंगाची टोपीसुद्धा घालायची नाही. बाकीचे साखळीवाले चोरून मूठ तरी आवळायचे. एमिल नाही. नियम म्हणजे नियम.

"एमिल, तू सांग बाबा एकदाचं," व्हिन्स म्हणाला. "आज शेवटचा सामना. पुढच्या वर्षी आपली शाळा पलीकडच्या गावच्या शाळेत विलीन होणार. आता तरी तोंड उघड!"

"मी साखळीवाला," एमिल म्हणाला. "मला बाजू नसते."

"नसते ना! म्हणून तर दोन बोटांपायी पोरगा घालवून बसलास!"

बोलून गेला आणि व्हिन्सचं तोंड खाडकन मिटलं. क्लॅरेन्सनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा त्याला बसमधून खाली उतरवतो.

ही दोन बोटं अख्ख्या गावाला ठाऊक आहेत. एकोणनव्वद सालचा नोव्हेंबर. एमिलचा मुलगा डेव्ही सेंटर होता. म्हणजे वाकून चेंडू पायांमधून मागं द्यायचा आणि समोरून येणारा लोंढा अंगावर घ्यायचा. या टेबलावर आजवर शंभर नावं निघाली असतील, त्यात सेंटर एकही नाही. कर्ण्यावरून सेंटरचं नाव पुकारतात ते फक्त चूक झाली की. त्या दिवशी शेवटची दोन मिनिटं, चौथा प्रयत्न. डेव्हीनं समोरचा धिप्पाड पोरगा उचलून मागं रेटला. सगळे एकमेकांवर कोसळले. पंचांनी साखळी मागवली. एमिल खांब घेऊन आत गेला, साखळी ताणली. चेंडू दोन बोटं कमी. पोहोचला असता तर आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेलो असतो. डेव्ही तिथंच गुडघ्यांवर बसून होता. एमिल खांब घेऊन त्याच्या शेजारून परत आला.

पुढच्या जूनमध्ये डेव्ही सैन्यात गेला, तिथून ॲरिझोनाला, आणि तिकडचाच झाला. नाताळला फोन यायचा, तो आयरीनला, आईला. चार वर्षांपूर्वी आयरीन गेली आणि फोनही थांबला.

"माप खरं होतं," एमिल हळू म्हणाला. पस्तीस वर्षं तो हे एकच वाक्य बोलत आला आहे. "मी काय करायला हवं होतं? साखळी ओढायला हवी होती?"

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. गावात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. पण ही एक गोष्ट मी चार वर्षं पोटात ठेवली होती, आणि ती मला रोज टोचत होती.

"एमिल, आयरीनच्या अंत्यविधीला डेव्ही आला होता ना, तेव्हा निघताना इथं येऊन बसला होता. याच खुर्चीवर."

एमिलनं काटा खाली ठेवला.

"मला म्हणाला, 'लॉरेटा, माप बरोबर होतं. मी सगळ्यात जवळ होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचा मला राग नाही, कधीच नव्हता.'"

"मग?"

"म्हणाला, 'सेंटरसाठी कोण टाळ्या वाजवतं? ज्याचा-त्याचा बाप. तेवढाच. चार वर्षं सगळ्यांचे बाप वर बाकांवर नाचत होते आणि माझा बाप माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, दोन्ही हात खांबाला. मी कधी बरा खेळलो की नाही, ते मला अजून माहीत नाही.'"

एमिलनं बशी बाजूला सारली.

"मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"त्यानं शपथ घातली होती. आणि मला भीती वाटली, एमिल. तुला दुखेल म्हणून."

"माझी समजूत होती, तो मापावर रागावलाय," एमिल म्हणाला. "इतकी वर्षं मी मनातल्या मनात मापच मोजत बसलो." मग त्यानं अंगातला साखळीवाल्यांचा पांढरा शर्ट नीट खोचला, पिरोगी तशीच टाकली आणि मैदानाकडे निघाला.

दुपारी दीडला सामना. मैदानावरचे दिवे कधीच गेलेत, म्हणून आमचे सामने दुपारी असतात. दारावर पाटी लावून मीही गेले. सारं गाव लोटलं होतं. लोक रडत होते, आपण जिंकत होतो तरी. मी मात्र एमिलकडेच बघत होते. आमच्या पोरांनी शेवटच्या वेळी चेंडू गोलरेषेपलीकडे नेला तेव्हा व्हिन्ससारखा माणूस क्लॅरेन्सच्या गळ्यात पडला. वाटलं, आता तरी! शेवटचा दिवस, कोण बोलणार आहे? पण नाही. एमिलचे दोन्ही हात खांबालाच.

शिट्टी झाली. पंचांनी त्याच्याकडून खांब घेतला, साखळी गुंडाळली आणि पिशवीत टाकली. एमिलचे हात रिकामे झाले. त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. आधी ते त्यानं खिशात घातले, मग बाहेर काढून त्यांच्याकडे पाहत राहिला. 

पाचच्या सुमाराला तिघे परत आले. मी ॲपल पाय कापला. व्हिन्स सकाळपासून नरमलेला होता, माँटानाचं नावही काढत नव्हता.

एमिल बसला नाही. सरळ काउंटरपाशी आला. "लॉरेटा, डेव्हीचा नंबर आहे तुझ्याकडे?"

होता. मी तो फिरवून रिसीव्हर त्याच्या हातात दिला. घंटी वाजत राहिली, मला इथपर्यंत ऐकू येत होती. मग डेव्हीचा आवाज, मशीनवरचा, निरोप ठेवा म्हणणारा. मग बारीक टूं.

एमिलनं रिसीव्हर तोंडाशी धरला. "डेव्ही," म्हणाला. पुढं काही सुचेना. मी खुणेनं म्हटलं, बोल ना रे!

त्यानं रिसीव्हर काउंटरवर आडवा ठेवला, अलगद, चेंडू रेषेवर ठेवतात तसा. आणि त्याच्याकडे वाकून टाळ्या वाजवायला लागला. पाइप वळवून वळवून बोटं वाकडी झालेली, आवाज धड निघेना. तरी वाजवत राहिला. क्लॅरेन्सनं टोपी काढली. व्हिन्स ॲपल पायच्या बशीत तोंड घालून बसला होता, त्याचे खांदे हलत होते.

मशीनची वेळ संपली, फोन आपोआप बंद झाला. एमिलला ते कळलं नाही. मीही त्याला सांगितलं नाही.