वाफेच्या नळीची कडी

चंद्रमौली रावांचा उजवा हात कापायला लागला, तेव्हा त्यांच्या तमिळ मुलखातल्या मेलकावेरीतल्या कॉफीच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनी कित्येक दिवस काही पाहिलंच नाही असं दाखवलं. डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात अशी हातभर उंचीवरून धार सोडणारा हा माणूस. आता ती धार काउंटरवर सांडायची. चौथ्या महिन्यात त्यांनी आपणहून डबरा खाली ठेवला आणि कोइमतूरला मुलीला फोन केला.

"नित्या, मज जमत नाहीं गे आतां," ते तिकडच्या मराठी घरांच्या जुन्या बोलीत म्हणाले.

नित्या पंपांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायची. पंधरा दिवसांची रजा काढून ती आली आणि परत गेलीच नाही. आई, कामाक्षी, जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकानामागच्या दोन खोल्यांत अप्पा एकटेच राहायचे. दिवसभर धनलक्ष्मी असायची, ती पेले घासायची, गल्ला बघायची, गेली बावीस वर्षं.

नित्यानं आधी बाजारातलं एक यंत्र आणून पाहिलं. त्याची वाफेची नळी दुधात बुडवायची, दूध पासष्ट अंशांवर गेलं की वाफ आपोआप बंद. अप्पांनी एक घोट घेतला आणि पेला सरकवून दिला.

"दूध तापलंय. पण जाहलं नाहीं."

"म्हणजे काय, अप्पा?"

"सकाळचं दूध दाट, दुपारचं पातळ. पेंड बदलली की आणखी निराळं. त्या काट्याला काय कळतं? दूध आधी फसफसतं, मग बारीक शिट्टी घालतं, मग घोगरं होतं. घोगरं व्हायच्या आंत उतरवायचं. कानानं कळतं ते."

कानानं, हा शब्द नित्यानं धरून ठेवला. ऐकणारं यंत्र करायचं. वाफेच्या नळीवर एक कडी बसवायची, कडीत एक बटणाएवढा सेन्सर, तो दुधाचा आवाज पकडेल आणि आवाज बदलला की झडप मिटेल. तिनं अप्पांना शेजारी बसवून दीडशे वेळा दूध फेसाळलं. अप्पा बोट वर करायचे, ती वेळ नोंदवायची. सगळं जुळत आलं, फक्त कडी दगा द्यायची. स्टीलच्या कडीत आवाज बोथट व्हायचा.

"पितळेची करून बघ," अप्पा म्हणाले. मग माळ्यावरून त्यांनी दुधाचं एक पातेलं काढलं. बुडाला तडा गेलेलं, आतली कल्हई उडालेली. कामाक्षीचं. "हेंच आटव. वीस वर्षं दूध ऐकलंय यानं."

जवळच्या नाचियार्कोविल गावात पितळी समया ओतणारा बालाजी होता. त्यानं पातेल्याचा एक तुकडा आटवून कडी ओतून दिली. नित्यानं ती नळीवर बाहेरून बसवली आणि पहिल्याच पेल्याला अप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आणखी एक दे."

बारा दिवस यंत्र बिनचूक चाललं. गिऱ्हाइकं परत आली. पलीकडच्या रस्त्यावरचा एक हॉटेलवाला दोनदा बघून गेला.

तेराव्या दिवशी, सोमवारी, दुपारी पावणेचारला दुपारच्या दुधाचा पहिला पेला लावला आणि झडप मिटेना. दूध घोगरं झालं, वर आलं, तरी वाफ चालूच. नित्यानं हातानं बंद केली. दुसऱ्या पेल्यापासून सगळं ठीक. मंगळवारी पावणेचारला पुन्हा तेच, आणि या वेळी आणखी काही क्षण जास्त.

यंत्र प्रत्येक पेल्याचा आवाज साठवून ठेवायचं. नित्यानं सोमवारचा आणि मंगळवारचा आवाज लॅपटॉपवर घेतला. दुधाची फसफस वजा केली, पंपाची घरघर वजा केली. खाली काहीच उरायला नको होतं.

एक बाई गात होती.

सूर अगदी हलका होता, काम करताना माणूस स्वतःशी गातं तसा. सोमवारच्या नोंदीत एक ओळ होती. मंगळवारच्या नोंदीत दोन.

*नीज रे दुधा, आंच मंद,*
*साय तुझी पांघर.*

लहानपणी पावणेचारला शाळेतून आल्यावर चुलीपाशी उभ्या असलेल्या आईच्या पाठीमागून नित्यानं हे रोज ऐकलं होतं. तिची पहिली शंका अप्पांवर गेली. त्यांनी जुनी टेप कुठे लावली असेल. पण आईचा आवाज कुणी कधी टेप केलाच नव्हता.

तिनं अप्पांना ऐकवायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते दारात येऊन उभे होते, किती वेळ कोण जाणे.

"कामाक्षी," ते म्हणाले. घाबरून नव्हे. बाहेरगावी गेलेलं माणूस फाटकाशी दिसावं, तसं.

बुधवारी नित्यानं सेन्सर बदलला, तार बदलली, कडी तीच ठेवली. अप्पा दुपारी तीनलाच धुतलेलं वेष्टी-धोतर नेसून यंत्रापाशी खुर्ची टाकून बसले. पावणेचारला वाफ सोडली. धनलक्ष्मीला काहीच ऐकू आलं नाही, नित्यालाही नाही. अप्पांनी मात्र कान कडीजवळ नेला होता आणि त्यांचा कापणारा हात मांडीवर अगदी शांत पडला होता.

"तिसरी म्हटली," ते म्हणाले. "उद्यां चौथी म्हणेल."

लॅपटॉपवर तिसरी ओळ होती.

*दारीं आली हांक मज,*

"चौथी काय आहे, अप्पा?"

"मज ठाऊक नाहीं. ती कधीं म्हणायचीच नाहीं. तिसरीला दूध वर यायचं, ती पातेलं उतरवायची. मी विचारलं तर हसायची." ते उठले. "उद्यां ऐकेन. सेन्सरला हात लावूं नकोस."

ते मागं गेल्यावर धनलक्ष्मीनं ओला हात पदराला पुसला. ती तमिळमध्येच बोलायची आणि नित्याला लहानपणापासून पाप्पा, म्हणजे बाळ, म्हणायची.

"पाप्पा, ती ओळ ऐकू नका. अम्मांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, ती ओळ जाताना म्हणायची असते. मरताना. तोवर नाही."

"मग आईनं म्हटली?"

"नाही. दवाखान्यात मी जवळ होते. त्यांनी तोंड गच्च मिटून घेतलं होतं. मी म्हटलं, अम्मा, पाणी घ्या, काहीतरी बोला. त्यांनी नुसती मान हलवली. ओठ उघडले नाहीत, अगदी शेवटपर्यंत."

नित्या रात्रभर पडून राहिली. जाताना म्हणायची ओळ. आईनं ती म्हटली नाही आणि आता म्हणायला आली आहे, तर ती कुणाच्या जाण्यासाठी? पलीकडच्या खोलीत अप्पा झोपेत काहीतरी पुटपुटत होते, आनंदात असल्यासारखे.

गुरुवारी सकाळी तिनं पान्यानं कडी सोडवली, रुमालात बांधली आणि नाचियार्कोविलची बस धरली. अप्पा अंघोळीला गेले होते. रुमाल मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना भाताची शेतं होती आणि ऊन चढत होतं. कडी गार होती. बसमधलं सगळं तापलं होतं, ती मात्र गारच राहिली.

बालाजी भट्टीपाशी होता. "मोडली का?"

"आटवून टाका. दुसरं काही करू नका तिचं. आटवा आणि टाकून द्या."

त्यानं कडी मुशीत टाकली, कोळसा सारला, भाता चालू केला. कडी लाल झाली. मग कडेनं ढिली पडू लागली, आणि तेव्हा बालाजीनं एकदम भाता थांबवला.

"कोण आहे?" त्यानं मागं वळून पाहिलं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. "बाईमाणूस गातंय. कोण आत आलंय?"

या वेळी लॅपटॉप लागला नाही, फसफस वजा करावी लागली नाही. मुशीतून सूर स्वच्छ येत होता. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, एकामागून एक, न थांबता. नित्याला एवढंच सुचलं की आच काढायला हवी. तिनं चिमट्याला हात घातला, पण मूस तिला हलेना आणि बालाजी जागचा हलेना.

*जात्यें आतां, विसर.*

सूर थांबला. मुशीत नुसतं पितळ होतं, चमकणारं, पातळ.

तिनं तिथूनच घरी फोन केला. अप्पांनी घेतला नाही. धनलक्ष्मीनंही घेतला नाही. परतीची बस साक्कोट्टैच्या वळणावर रखडली तेव्हा ती उतरून रिक्षा करायच्या बेतात होती. आपणच आच लावली, आपणच ती ओळ म्हणवून घेतली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मेलकावेरीला उतरून ती धावत सुटली.

दुकानापुढे माणसं उभी होती. मग माणसं हसताना दिसली.

अप्पा काउंटरमागे उभे होते. डबरा खांद्याच्या उंचीवर, पेला कमरेशी, आणि मधून कॉफीची धार सरळ, न तुटता, एक थेंबही न सांडता. हात कापत नव्हता. धनलक्ष्मी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिला गल्ल्याकडे बघायचंही भान नव्हतं.

"ये, ये!" अप्पा म्हणाले. "कोठे गेली होतीस? बघ, मज जमतंय!"

नित्या तिथेच पायरीवर बसली आणि रडली. गिऱ्हाइकांना वाटलं आनंदानं, आणि ते खरंही होतं. अप्पांनी तिला कॉफी दिली. अशी कॉफी त्यांनी वर्षभरात केली नव्हती.

तीन वाजले, पावणेचार वाजले. अप्पांनी यंत्राकडे पाहिलं नाही. ओळीबद्दल विचारलं नाही. कडी कुठे गेली तेही विचारलं नाही. नित्याला ते बरंच वाटलं. तिनं विषय काढला नाही.

दिवे लावायच्या वेळेला ती मागच्या खोलीत गेली. अप्पांनी भिंतीवरचा फोटो उतरवला होता आणि उजेडाकडे धरून फडक्यानं काच पुसत होते.

"नित्या, हें चित्र कोणाचं गे? कोणी दुकानांत विसरून गेलं काय?"

तिला वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसती चौकशी होती.

"अप्पा, ही आई."

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी फोटो पुन्हा पाहिला, नीट, आदरानं, परक्या घरातल्या मोठ्या माणसाकडे पाहावं तसा. "असं. चांगली दिसत्यें. लवकर गेली काय?"

नित्या त्यांच्याशेजारी खाटेवर बसली. पुढच्या दारातून धनलक्ष्मी पेले आवरत असल्याचे आवाज येत होते. नित्याला सांगावंसं वाटलं, ती तुमची बायको, एकतीस वर्षं संसार केलात तुम्ही. पण त्यांचे हात फोटोच्या चौकटीवर इतके स्थिर होते की तिच्या तोंडून ते निघेना. तिनं दुसरंच सुरू केलं, आईनं कितीदा तरी सांगितलेलं. साक्कोट्टैच्या शिवमंदिरात एकदा एक मुलगा नैवेद्याचं दूध घेऊन चालला होता, ते पायरीवर सांडलं, आणि तिथे फुलं ओवत बसलेली एक मुलगी इतकी हसली, इतकी हसली की त्यानं रागानं तिचं नाव विचारलं.

अप्पा ऐकत होते. अंधार पडत चालला होता, पण दिवा लावायला दोघांतलं कुणी उठलं नाही.

"मग?" त्यांनी विचारलं. "पुढं काय जाहलं? तिनं सांगितलं नांव?"