तेहतिसावा नळ

"नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे अग्नीपासून संरक्षण करणे हे नगरपालिकेचे आद्य कर्तव्य होय," एवढे वाक्य मुख्याधिकाऱ्यांनी उभे राहून वाचले आणि घोटभर पाणी मागितले. शिपाई माठात डोकावून आला आणि दारातच उभा राहिला. मुख्याधिकाऱ्यांनी कोरड्या घशानेच परिपत्रकाचा पुढचा परिच्छेद वाचला.

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. दुष्काळाने तालुक्यातली हजारभर जनावरे रस्त्यावर आली होती आणि त्यांच्यासाठी गावाच्या हद्दीत छावणी काढायची होती. परिपत्रक म्हणत होते की, जिथे कडबा साठवला जाईल तिथून दोनशे फुटांच्या आत आगीच्या बंबाला जोडायचा नळ असावा आणि तो तपासलेला असावा. गावात असे बत्तीस लोखंडी नळ होते. बंब नव्हता. तो बाहेरून मागवावा लागे आणि रस्ता बरा असला तर दीड तासात येई.

नळ पाणीपुरवठा खात्याने बसवले होते. म्हणून ते खात्यानेच तपासणे निःपक्षपाती होणार नाही, कंत्राटदार नेमावा, असे ठरले. निविदा तीन आल्या. एक सूर्यभान थेटेची, एक त्याच्या मेव्हण्याची आणि तिसरी सौ. पुष्पावती सूर्यभान थेटे यांची. तिन्हींची शाई एक होती. सूर्यभानचा दर सर्वांत कमी निघाल्यामुळे स्पर्धा निकोप झाल्याची नोंद करण्यात आली. त्याने याआधी हमरस्त्यावरचे मैलाचे दगड रंगवले होते आणि त्यांतला एकही पुढे खोटा निघाला नव्हता.

"नळ सोडून बघायचे का नुसतेच बघायचे?" सूर्यभानने विचारले.

"सोडून?" मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "भर रस्त्यात पाणी सोडलंत तर लोक आधी तुम्हाला मारतील, मग मला."

"मग कोरडेच तपासतो."

कोपऱ्यात बसलेल्या सहादेव वाकचौरेने 'कोरडी तपासणी' हे शब्द इतिवृत्तात लिहिले. तो पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर. अकरा वर्षे रोज सकाळी टाकीवर जाऊन पाण्याची पातळी नोंदवहीत लिहिणे हे त्याचे पहिले काम होते, आणि त्या वहीत त्याची एकही खाडाखोड नव्हती.

तपासणी दोन दिवस चालली. पुढे फक्रुद्दीन चावीवाला, खांद्यावर हातभर लांबीची लोखंडी चावी. मागे सूर्यभान, लाल आणि पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन. त्याच्या मागे सहादेव, नकाशा घेऊन. सूर्यभान नळाचे टोपण काढी, आत फुंकर मारी, हातोडीने दोनदा ठोकी, कान लावी आणि मग लाल रंग देऊन वर पांढरा आकडा काढी. त्याचे आकडे फार सुरेख होते. नवव्या नळात चिमणीचे घरटे निघाले. त्याने ते हळूच उचलून कुंपणावर ठेवले आणि 'अडथळा नाही' असा शेरा दिला. चौदाव्याची चावी फिरलीच नाही. त्या नळाला त्याने रंगाचे दोन हात दिले.

पहिल्या नळापासूनच बायका हंडे घेऊन मागे चालू लागल्या होत्या.

"फक्रूभाई, पानी सुटनार हाय व्हय?" एकीने विचारले.

"न्हाई भाभी. रंग सुटनार हाय."

"मंग तेवडा तरी पाज."

अकराव्या नळापर्यंत त्या आल्या. मग एकेक करून मागे वळल्या. त्यांनी भांडण केले असते तर सहादेवला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बत्तिसावा नळ झाला. सहादेवने नकाशाची घडी घातली. सूर्यभान मात्र जुन्या बाजाराच्या मैदानाकडे बघत होता.

"रावसाहेब, तो एक राहिला की."

मैदानाच्या मधोमध एक नळ एकटाच उभा होता. फक्रुद्दीनने चावी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तो नकाशात नाही," सहादेव म्हणाला.

"नकाशात नसंल. डोळ्यांपुढं हाय ना."

सूर्यभान तिथे पोहोचलाही होता. टोपण सहज निघाले. फक्रुद्दीनच्या हातातली चावी त्याने स्वतः घेऊन फिरवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदाच कौतुक उमटले.

"आयला! लोण्यावानी फिरतीय. गंज म्हणून न्हाई. बाकीच्या बत्तिसांत असा एक न्हाई, रावसाहेब."

गंज नसण्याचे कारण सहादेवला ठाऊक होते. या नळात पाणी एकदाच आले होते, आणि तेही चार मिनिटे. चार वर्षांपूर्वी वाढीव पाणीयोजनेचे उद्‌घाटन होते. पाहुण्यांनी भर मैदानात नळ सोडायचा आणि गावाने टाळ्या वाजवायच्या, असे ठरले होते. मैदानापर्यंतची पाइपलाइन आली नाही, पाहुणे मात्र आले. आदल्या संध्याकाळी सहादेवने स्वतः उभे राहून खड्डा खणून घेतला, नळ काँक्रीटमध्ये पक्का केला आणि मांडवामागे टँकर लावून रबरी नळी जमिनीखालून आणली. नळी धरून बसला होता फक्रुद्दीन. पाहुणे गेल्यावर नळी काढली. नळ निघेना, म्हणून राहिला.

"ह्याला नंबर नको," सहादेव म्हणाला. "मंजुरी बत्तिसांची आहे."

"एक आमच्याकडनं गावाला." सूर्यभानने ब्रश बुडवला.

फक्रुद्दीन सहादेवकडे बघत राहिला. सहादेव आकडा वाळण्याची वाट बघत राहिला. मग दोघेही सूर्यभानच्या मागून कचेरीकडे चालू लागले.

अहवालात एकतीस नळ 'ठीक' होते, चौदावा 'बरा' होता आणि तेहतिसाव्यापुढे 'उत्तम' लिहिले होते. मामलेदारांनी अहवाल वाचला आणि आपल्याला न विचारता कोणी चांगले काम केले आहे म्हणून किंचित दचकले. छावणी कुठे काढायची हा प्रश्न उरलाच नाही. शास्त्रशुद्ध उत्तर समोर होते.

आठवड्याभरात मैदान भरले. तेराशे जनावरे, कडब्याच्या नऊ गंजी, उसाच्या पाचटाची छपरे आणि छपरांखाली तीन दगडांच्या चुली. वारा दुपारी बाराला सुटे आणि सूर्य मावळेपर्यंत पडत नसे. सहादेव कचेरीच्या खिडकीतून गंजी मोजायचा. एके दिवशी त्या दहा झाल्या, आणि त्याच दिवशी निरोप आला की, त्याचा थोरला भाऊ गोरक्ष बैलजोडी घेऊन छावणीवर आला आहे.

सहादेव गेला तेव्हा गोरक्ष नळाला पाठ लावून बसला होता. त्या बैलांवर घरची सतरा एकर उभी होती, आणि सहादेवचे शिक्षणही त्यांच्या आधीच्या जोडीवर झाले होते. दोन्ही बैलांची दावी तेहतिसाव्या नळाला बांधलेली होती.

"दादा, इथं कशाला बांधलीस? पलीकडं लिंबाखाली चल. सावली आहे."

"सावली खाऊ का? आरं, ह्या जागंसाठी दोन दिस बसून हुतो. खुंट असा पायजे." गोरक्षने नळावर थाप मारली. "बैलानं वढला तरी हालत न्हाई. कुनी बशीवलाय, त्याचं हात चांगलं हायेत."

शेजारच्या चुलीवर भाकरी थापणारी कडूबाई हसली. सुनेच्या दोन गाई आणि स्वतःचे एक रेडकू घेऊन ती एकटीच आली होती.

"अवो ओव्हरशेर, भावाला उटवून जागा कुनाला देताय? मामलेदाराच्या म्हशीला?"

"तसं नाही, मावशी."

"मंग गप बसा. तुमच्याच नळाच्या भरवशावर बसलोय आमी."

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत चुलीत शिरला. जळते पाचट उडून गंजीच्या कडेला पडले आणि हातभर जागा नुसती लाल झाली. कडूबाई उठली, तिने पिठाच्या हातांनीच गोणपाट मारला, पायाने माती लोटली आणि परत येऊन भाकरी उलटली. भाकरी करपली नव्हती. बैलांनी मान वर करून पाहिले. सहादेव जागचा हललाच नव्हता. त्याचा हात मात्र नळाच्या टोपणावर होता आणि तो त्याने सावकाश काढून घेतला.

"आज चौथ्यांदा," कडूबाई म्हणाली.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी टाकीवरून तो थेट मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेला आणि न बसता सगळे सांगितले: खड्डा, काँक्रीट, टँकर, रबरी नळी. नोकरी जाईल हे त्याने गृहीत धरले होते. त्यासाठी तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकले.

"फक्रुद्दीनला ठाऊक आहे?"

"हो, साहेब. पण तो माझ्या सांगण्यावरून—"

"बरं. टाकीत काल पातळी किती होती?"

"दोन फूट."

"मैदानात दाब यायला किती लागते?"

सहादेवला नोंदवहीचे पान डोळ्यांपुढे दिसले. सहा फूट. टाकी सहा फुटांवर शेवटची दिवाळीत होती. गेले तीन महिने पाणी चौथ्या दिवशी अर्धा तास सुटत होते आणि तेही खालच्या आळीपुरतेच. प्रत्येक आकडा त्याच्याच अक्षरात होता.

"वाकचौरे," मुख्याधिकारी म्हणाले, "एक नळ खोटा आहे असं आपण लिहून कळवलं, तर बाकीचे बत्तीस खरे आहेत असं म्हटल्यासारखं होईल. ते मला पटत नाही." त्यांनी अहवालाची फाइल बंद करून वर काचेचा पेपरवेट ठेवला. "छावणी हलवायची म्हणता, तर कुठे? सांगा. मी लगेच सही करतो."

सहादेवने मनातल्या मनात सारा नकाशा धुंडाळला आणि तो बाहेर पडला.

बाराचा वारा सुटायच्या आत तो मैदानावर गेला. कडूबाई रेडकाला उसाचे वाढे घालत होती. गोरक्ष दावी तपासत एकेका जनावरापाशी वाकत होता. स्वतःच्याच नाही, साऱ्या ओळीच्या.

"दादा, ऐक. ह्या नळाला पाणी नाही. खाली पाइपच नाही. मीच बसवलाय तो."

"पाइपाचं म्हाईत नव्हतं," गोरक्ष म्हणाला. "पानी न्हाई ते म्हाईत हाय. आलो त्याच दिशी कडूबाईनं चावी मागून फिरवून बघितली."

"आनि मीच ह्यांना म्हनलं, काळजी करू नगा, बैल बांधा," कडूबाई म्हणाली. "पानी आसतं तर हितं रांग लागली आसती, ओव्हरशेर. बैल कुनी बांधू दिला आसता?"

"मग काल मला असं बोललात?"

"तुमी एवढं तोंड पाडून आलता. म्हनलं, एखादा तरी भरवशावर हाय म्हनून बरं वाटंल मानसाला."

गोरक्षने बैलाच्या दाव्याचे टोक त्याच्या हातात दिले. "वढ."

सहादेवने ओढले. गाठ एका हिसक्यात सुटली आणि दावे जमिनीवर पडले. बैल जागेवरच रवंथ करत उभा राहिला.

"समद्यांची अशीच बांधून घेतलीत," गोरक्ष म्हणाला. "तेराशेच्या तेराशे. पेटलं तर वढत पळायचं. म्हाताऱ्या मानसांसाठी शेवटाकडची ओळ मोकळी ठिवलीय." त्याने दावे उचलून पुन्हा नळाला तशीच गाठ मारली. "तू रोज दुपारी येत जा. हात कमी पडत्यात."

वारा सुटला. गंजींवरचा भुसा उडून लाल नळावर, पांढऱ्या तेहतिसावर बसू लागला. सहादेवने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पुढच्या ओळीतल्या गाठी बघायला वाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाकीची पातळी लिहिली. पावणेदोन फूट.