दार लागतंय का?

मिस्त्रीच्या गॅरेजात एक प्रश्न होता, आणि तो विचारण्याचं काम ताईचं होतं. जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा कापायला कोणी ग्राइंडर हातात घेतला, की शेजारी उभं असलेल्यानं विचारायचं, "दार लागतंय का?" कापणाऱ्यानं ग्राइंडर खाली ठेवायचा, गाडीचं दार उघडून परत लावून बघायचं आणि म्हणायचं, "लागतंय." मगच ठिणग्या उडवायच्या.

बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटायचा. पण अशा जुन्या गाड्यांचा सगळा भार खालच्या दोन लांब पट्ट्यांवर असतो, दारांच्या बरोबर खाली, आणि मेला गंज नेमका तिथेच धरतो. त्या कापायच्या तर आधी गाडीला खालून जागोजागी टेकू द्यायचे, दाराच्या चौकटीला आतून पाइप वेल्ड करून ताण द्यायचा, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. एवढं करून दार बोटानं ढकलल्यावर लागलं, तर गाडी सरळ उभी आहे. नाही लागलं तर हात लावायचा नाही. सगळी विद्या त्या एका प्रश्नात होती.

नियम मिस्त्रीचा. मिस्त्री म्हणजे ताईचा बाप. गुडघे गेल्यापासून तो गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचा आणि आत काय चाललंय ते कानांनी बघायचा. ताई त्याची थोरली. लग्न मोडून परत आली तेव्हा नुसतं बसून खाणं तिच्या जिवावर आलं, म्हणून खाली गॅरेजात उतरली आणि हातोडी उचलली. मिस्त्रीनं अडवलं नाही. फुकटचा हात कोणाला नको असतो?

चेपलेल्या पत्र्याला मागून लोखंडी ठोकळा लावून पुढून हळूहळू ठोकत तो सपाट करणं, चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, सडलेला तुकडा काढून तस्साच नवा घडवून बसवणं, सगळं ती करायची. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री खुर्चीतून उठायचा, पत्र्यावरून तळहात फिरवायचा, कुठेतरी कोपऱ्यात उगाच एक ठोका मारायचा आणि म्हणायचा, झालं बघा. गिऱ्हाईक मिस्त्रीच्या हाताचं कौतुक करत निघून जायचं. ताईनं हे वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं, कारण तिची एक समजूत होती. जगाला न का कळेना, बापाला माहीत आहे, असं तिला वाटायचं.

मग धाकटा भाऊ परत आला. तो शोरूममध्ये नव्या गाड्या विकायचा. ते शोरूम बुडालं आणि हा बायकोला घेऊन घरी हजर. वाईट नव्हता बिचारा, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाईट असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजात यायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि हातोडी धरायचा ती चमचा धरल्यासारखी.

त्याच सुमारास एक बेकरीवाला आपल्या आजोबांची व्हॅन ओढून घेऊन आला. एके काळी तिच्यातून घरोघर पाव जायचे. गोल नाकाची, फुगीर गालांची, आणि खालून अशी सडलेली की बोट लावलं तर आरपार जावं. त्याला ती नव्यासारखी करून बेकरीच्या दारात उभी करायची होती. मिस्त्रीनं तिथल्या तिथे जाहीर केलं की ही गाडी धाकटा करेल, आणि ती बाहेर पडेल त्या दिवशी गॅरेजच्या पाटीवर धाकट्याचं नाव चढेल.

बाकीचं जेवताना ठरलं, ताई वाढत होती तेव्हा. गॅरेजच्या डोक्यावर लोखंडी जिन्यानं चढून जायची ताईची खोली होती. तिथे काचेची मोठी खिडकी लावून ऑफिस करावं, असं भावजयीच्या मनात आलं. मिस्त्रीला पटलं. आणि ताईचं काय, तर तिची दुसऱ्या गावची मावशी अंथरुणाला खिळली होती, तिला सोबत हवीच होती. मावशीचं सुटलं आणि ताईचंही सुटलं. भावजय म्हणाली, ताईंना जरा विश्रांतीही मिळेल. विश्रांती! म्हातारीचं भांडं दिवसातून दहा वेळा उचलायचं, याला विश्रांती म्हणायची पद्धत त्या घरात होती.

ताईनं एवढंच विचारलं की मग गॅरेजचं काम कोण बघणार. मिस्त्री म्हणाला, ही गाडी होईपर्यंत तू आहेसच की त्याच्या हाताखाली. नंतर तो बघेल. आणि त्यानं आणखी भात मागितला.

त्या रात्री ताई रडली नाही. तिनं हिशेब साधा केला. गाडी बिघडली तर धाकट्याचा हात उघडा पडेल. मग म्हाताऱ्याला झक मारत तिच्याकडे बघावं लागेल आणि म्हणावं लागेल, पोरी, तूच सांभाळ. खोली राहील, हातोडी राहील. त्यासाठी तिला काही करायचंही नव्हतं.

पट्ट्या कापायचा दिवस आला. आदल्या दिवशीच धाकट्यानं व्हॅनची सगळी दारं काढून मागच्या भिंतीला लावून ठेवली होती, घासायला आणि रंगवायला सोपं जातं म्हणून. टेकू दिले होते ते पुढे दोन आणि मागे दोन. मध्ये काही नाही. चौकटीत ताणाचा पाइप नाही. गाडीला दारच नाही तर ते लागतंय की नाही हे कोण सांगणार? ताईनं प्रश्न विचारला असता तर धाकट्याला दारं परत चढवावी लागली असती, आणि ती चढवताना बाकीचं सगळं त्याच्या ध्यानात आलं असतं. तेवढा काही तो ढ नव्हता.

त्यानं ग्राइंडर उचलला आणि सवयीनं ताईकडे पाहिलं. लहानपणापासून ऐकलेला प्रश्न, तो यायची वाट त्याचे कान बघत होते. ताई वेल्डिंगच्या कांड्या निवडत होती. तिनं मान वर केली नाही. बाहेर खुर्ची करकरली. धाकटा क्षणभर थांबला, मग त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ठिणग्यांचा फवारा जमिनीवर उडाला.

एक बाजू कापून झाली. अजूनही वेळ होता. मध्ये एक जॅक सरकवला असता तरी गाडी वाचली असती. ताईच्या पायाशीच होता तो. धाकटा घाम पुसत दुसऱ्या बाजूला गेला आणि म्हणाला की ग्राइंडरची चकती झिजली. ताईनं फळीवरून नवी चकती काढून त्याच्या हातात दिली. नीट बसवून घे, असंही म्हणाली. तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसरी पट्टी तुटली तेव्हा व्हॅननं एक लांबलचक कुरकुर केली आणि पोटातून खाली बसली. छताचा पत्रा मधोमध चुण्या पडून दबला. दारांच्या चौकटी वाकड्या झाल्या. धाकटा ग्राइंडर हातात धरून तसाच उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बघून ताईला वाटलं, झालं एकदाचं.

मिस्त्री भिंत धरत धरत आत आला. त्यानं काही विचारायच्या आधी चौकटीवर हात फिरवला, मग एक दार आणून लावायला सांगितलं. दार चौकटीत शिरेचना. बेकरीवाल्याच्या आजोबांची गाडी पोट टेकून उभी होती. मिस्त्रीनं धाकट्याला विचारलं की दारं काढून कापायला कोणी सांगितलं होतं. धाकटा खाली बघून म्हणाला, ताईनं काही विचारलं नाही, मला वाटलं विचारण्यासारखं काही नसेल. खरं तेच सांगितलं त्यानं.

मिस्त्री ताईकडे वळला. ताई हीच वाट बघत होती.

"एक काम होतं तुला," मिस्त्री म्हणाला. "एक वाक्य बोलायचं. तेवढंही जमलं नाही."

ताईला आधी कळेचना की तो कोणाला बोलतोय. कापलं कोणी, दारं काढली कोणी, आणि हा माणूस तोंड कोणाकडे करून उभा आहे? तिचे कान तापले. आता गप्प राहिलं तर सगळंच गेलं, हे तिला कळलं, आणि तिनं जे सांगायचं नव्हतं ते सांगून टाकलं.

"मी विसरले नाही, बाबा. मुद्दाम विचारलं नाही. दारं नाहीत, ताण नाही, मध्ये टेकू नाही, सगळं दिसत होतं मला. गाडी बसणार हे माहीत होतं."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तो हसला. लहान मूल मोठ्यांचे बूट घालून आलं की हसतात, तसा.

"मुद्दाम करायला आधी कळावं लागतं," तो म्हणाला. "विचारायला मी शिकवलं म्हणून तू विचारत होतीस. पोपट ठेवला असता तर त्यानंही विचारलं असतं."

ती म्हणाली, माझ्या हातात द्या, मी सरळ करून दाखवते. तिनं हातही पुढे केले, काळे, घट्टे पडलेले. मिस्त्रीनं त्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही. तो धाकट्याला म्हणाला की चूक झाली ती झाली, मदतीला धड माणूस नसलं की असंच होतं, आणि बाहेरून चासीचा कारागीर बोलावून घे. वर्षानुवर्षं जपलेली ती समजूत अशी एका दुपारी संपली. म्हाताऱ्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तो स्वतःच्या त्या कोपऱ्यातल्या एका ठोक्यावर खरोखर विश्वास ठेवून बसला होता.

कारागीर आला. ताई वरच्या खोलीच्या दारातून बघत राहिली. त्यानं कुठेतरी चुकावं म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. त्यानं मध्ये जॅक लावून गाडी केसाकेसानं वर घेतली, पाइपचे ताण दिले, दारं चढवली, एक बाजू पुरती केली आणि मग दुसरीला हात घातला. ती करणार होती तसंच. एक चूक केली नाही मेल्यानं. छताच्या चुण्या काढताना तर त्यानं इतका हलका हात ठेवला की तिला मान डोलवावी लागली. म्हणजे ती नसली तरी काही अडणार नव्हतं. जगात असे हात आणखी होते, आणि ते बोलावल्यावर येत होते.

व्हॅन रंगून, चमकून बाहेर पडली. बेकरीवाल्यानं धाकट्याला मिठी मारली. पाटी रंगवायला पेंटर आला.

ताईनं खोली आवरली. सामान ते किती. पेटी, गादी आणि लोखंडी खाट. खाट जड होती म्हणून धाकटा वर आला. जरा वेळ दारात घुटमळला, मग म्हणाला की तू बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, ताईला आता एक शब्द बोलायचा नाही. माणूस आहे, विसरतं.

"मी विसरले नव्हते," ताई म्हणाली.

"बरं बाई, नव्हतीस," तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं तिला मनापासून माफ केलं होतं, आणि ते परत घ्यायला लावणं तिच्या हातात नव्हतं.

त्यानं खाटेची जड बाजू स्वतःकडे घेतली आणि उलटा चालत जिना उतरायला लागला. ताईला खाटेमुळे पायाखालचं दिसत नव्हतं. मध्यावर तो थांबला आणि म्हणाला, "ताई, सांभाळून. इथली पायरी गंजलीय, पुढच्या पायरीवर पाय ठेव."

तिनं पुढच्या पायरीवर पाय ठेवला. त्या क्षणी तिला त्याचा जेवढा संताप आला, तेवढा उभ्या जन्मात कोणाचा आला नव्हता.