ढाल पांघरलेला बेडूक

मित्रांनो, मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावातलं एक म्हातारं कासव आहे. पन्नास वर्षांपूर्वी इंगरआजींनी मला तळहातावर ठेवून घरी आणलं. त्या मूळच्या डेन्मार्कच्या. त्यांनी मला त्यांच्या भाषेत हाक मारली, “स्केलपाद!”

शेजारची अनिका रोज शाळेतून आली की माझ्याशी खेळायची. आजींनी तिला या नावाची गोष्ट सांगितली. त्याचा अर्थ नुसता कासव, पण हा जोडशब्द आहे. अर्धा भाग म्हणजे ढाल, अर्धा म्हणजे बेडूक. फार पूर्वी उत्तर जर्मनीकडून तो डेन्मार्कात आला आणि तिथलाच होऊन गेला.

मी आणि बेडूक? काय हा अपमान! मी दोन दिवस मान आत घेऊन रुसून बसलो. कुणाला पत्ताही लागला नाही. कासवाचा रुसवा आणि कासवाची झोप सारखीच दिसते. पण झोपेत मला हे नाव ठेवणारा तो पहिला माणूस दिसायचा. धुक्यात, तळ्याकाठी, उकिडवा बसून माझ्या पणजोबांकडे टक लावून बघणारा. किती वेळ बघत बसला असेल बिचारा! मग माझा राग कुठल्या कुठे जायचा.

यंदा मार्चमध्ये आजींना स्ट्रोक आला. त्या हॉस्पिटलमध्ये आणि मी अनिकाच्या घरी, खोक्यात. गडबडीत दोन दिवस मला कुणी पाणीही दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी अनिकाची आई शुभा डोळे पुसतच घरी आली. “आजी इंग्लिश पार विसरल्यात गं. जेवत नाहीत, कुणाकडे बघत नाहीत. एकच काहीतरी म्हणत राहतात. नर्सना वाटतं, नुसती बडबड आहे. रेकॉर्ड केलंय, ऐक.”

फोनमधून आजींचा आवाज आला. मी मान बाहेर काढली.

“आई, दॅट्स नॉट बडबड!” अनिका ओरडली. “शी इज कॉलिंग हिम! याला बोलावतायत!”

“हॉस्पिटलमध्ये कासव? वेड लागलंय का?” असं म्हणत शुभानं चार फोन केले, परवानगी काढली आणि गाडीची किल्ली उचलली.

अनिकानं मला आजींच्या पांघरुणावर ठेवलं. त्यांनी बोटांनी माझी पाठ चाचपली आणि त्या रडल्या. मग तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाकडे तरी पाहिलं, अनिकाकडे.

नर्सनं लगेच विचारलं, “पाण्याला यांच्या भाषेत काय म्हणतात? दुखतंय का, हे कसं विचारायचं?”

अनिकाला तो एकच शब्द येत होता.

आता ती वही घेऊन रोज जाते. आजी वस्तूकडे बोट दाखवून नाव सांगतात, पण निम्मी नावं त्यांनाही आठवत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरातली म्हातारी माणसं बोलतायत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा. मी जन्मात कधी कशाची घाई केली नाही. तुम्ही मात्र याची करा.