कवीचा डोळा आणि नोएमीबाईंचं कुंपण

मी 'कवीचा डोळा' बोलतेय. हसू नका, हे नाव मी ठेवलेलं नाही. नारिंगी पाकळ्या आणि मधोमध काळा ठिपका, एवढ्यावर कुणीतरी भाळलं आणि नाव मला चिकटलं. मी एक वेल आहे, भराभर चढणारी साधी वेल. माझं नाव कुणी 'कॉफीचा गळफास' ठेवलं असतं, तर हे रडगाणं गायची वेळ माझ्यावर आली नसती. मग मला विकत घेतलंच कोणी असतं?

मूळची मी आफ्रिकेची. तिथे मला खाणारे किडे होते, माझ्याशी भांडणाऱ्या वेली होत्या, त्यामुळे मी आपली मर्यादेत होते. मग या बागेतून त्या बागेत, असं करत माझे पूर्वज कोलंबियात, किंदिओच्या डोंगरात येऊन पोचले. माझा जन्म हमरस्त्यावरच्या एका नर्सरीतला, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतला. शेजारी गुलाब होता. त्याचे काय ते लाड! त्याला खत, त्याला फवारणी, त्याला सावली. मला कुणी विचारत नव्हतं, तरी मी त्याच्या गळ्यात हात टाकून वर चढायची. नर्सरीवाली बाई रोज सकाळी मला सोडवायची आणि करवादायची. म्हणजे मी कशी आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

एका रविवारी चर्च आटोपून नोएमीबाई आल्या. त्यांचं घर उतारावर, आणि घराच्या खालच्या अंगाला त्यांच्या थोरल्या भावाचं, आर्सेसिओचं, कॉफीचं रान. मध्ये तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागूनच आर्सेसिओच्या डुकरांचा कोंडवाडा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ती डुकरं दिसतात, हे नोएमीबाईंचं आयुष्यातलं मोठं दुःख होतं.

"डुकरं झाकली जातील असं काहीतरी दाखवा," त्या म्हणाल्या.

"मग ही न्या. नाताळपर्यंत कुंपण दिसायचं नाही."

"खतपाणी काय घालू?"

"काही लागत नाही हो. लावायची आणि विसरून जायचं."

"आणि कीडबीड?"

"छे! हिला इथलं काहीच खात नाही."

ऐकलंत ना? झपाट्याने वाढते, काही लागत नाही, कुणी खात नाही. माझी सगळी कुंडली तिथेच मांडून झाली होती, आणि नोएमीबाई कौतुकाने मान डोलवत होत्या. ही थांबते कुठे, एवढंच विचारायचं राहिलं. त्यांनी विचारलं नाही, नर्सरीवालीने आपण होऊन सांगितलं नाही. "मग भेट द्या मला ही," म्हणत नोएमीबाईंनी नोटा पुढे केल्या. इथली बोलायची रीतच तशी आहे. पैसे देऊन घेतलं तरी माणसं 'भेट द्या' म्हणतात.

मी चढले. चढणारच की! कुंपण झाकलं, डुकरं दिसेनाशी झाली, खिडकीत नारिंगी फुलं डोकावू लागली. येणारा-जाणारा थबकून म्हणायचा, "बाई, एक पाय भेट द्या ना!" फांदी तोडून लावायला दिली की तिला इथे पाय म्हणतात. मागितलेला पाय नाकारला तर आपलीच बाग सुकते, असं नोएमीबाईंना त्यांच्या आईने शिकवलेलं. त्यामुळे त्यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मास्तरणीला दिला, पाद्रीबुवांच्या स्वयंपाकिणीला दिला. ज्यांना मागायची लाज वाटायची ते गुपचूप तोडून न्यायचे, कारण चोरलेलं रोप जास्त चांगलं रुजतं अशीही एक समजूत इथे आहे. असे माझे पाय गावभर फिरले.

त्याच सुमारास आर्सेसिओचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो मुलीकडे पेरेइराला राहायला गेला. नोएमीबाई रोज कुंपणावरून डुकरांना खरकटं टाकायच्या. पलीकडच्या रानाचं काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, माझाच तर आडोसा होता. आणि मी? मला समोर कॉफीची झुडपं दिसली. वेलीला झुडूप दिसलं की वेल काय करते, हे मी वेगळं सांगायला हवं का?

आर्सेसिओ काठी टेकत परतला आणि रानाच्या तोंडाशीच ओरडला, "नोएमी! ए नोएमी! बाहेर ये आधी!"

"काय झालं दादा? पडलास का?"

"माझी कॉफी कुठाय? तुझ्या कवीने माझी कॉफी खाल्ली!"

"असं काय बोलतोस! बघ तरी, किती छान फुललीय."

"फुललीय? मग ठेव राखून, मी मेलो की घाल माझ्यावर!"

नोएमीबाई खाली उतरल्या. झुडपं माझ्या वजनाने वाकली होती, फांद्या मोडल्या होत्या, न तोडलेली फळं आत काळी पडली होती. पार खालच्या झऱ्यावरच्या झाडालाही मी वेढलं होतं.

"ही ब्याद माझ्या रानात आहे तोवर तुझ्या घरची कॉफी मला नको," आर्सेसिओ म्हणाला आणि वळला.

हे साधं बोलणं नव्हतं. आईवडील गेल्यापासून सकाळची पहिली कॉफी तो बहिणीच्या स्वयंपाकघरात प्यायचा. दुसऱ्या दिवशी नोएमीबाईंनी सवयीने दोन पेले काढले आणि एक परत ठेवला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून माझी वाढ थोडीच थांबते!

मग सुरू झाला कोयता. आर्सेसिओने सपासप मला तोडलं आणि तुकडे ओघळीत फेकले. अरे देवा! माझ्या पेरापेरात मूळ आहे. एकीच्या वीस करून ठेवल्या आणि वर म्हणतो, "ही चेटकीण परत कशी आली?" तू पेरलीस म्हणून आली, बाबा!

शेवटी नोएमीबाईंच्याच ते लक्षात आलं. त्या गुडघ्यांवर बसून मला मुळासकट उपटू लागल्या, तुकडा न् तुकडा पोत्यात भरून पोती उन्हात भाजू लागल्या. रोज, पावसाळाभर. काही दिवसांनी आर्सेसिओ न बोलता पोत्याचं तोंड धरायला येऊन उभा राहिला. खालची निम्मी कॉफी गेलीच. वरची वाचली.

कुंपण उघडं पडलं त्या सकाळी तो येऊन खुर्चीत बसला. बाईंनी दुसरा पेला काढला.

"डुकरं दिसतात की गं इथून," तो म्हणाला.

"दिसू देत."

"त्यातल्या सगळ्यात जाडीचं नाव मी नोएमी ठेवलंय."

बाईंनी हातातलं फडकं त्याच्या पाठीत हाणलं. दोघंही पोट धरून हसली, आणि मलाही बरं वाटलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नाताळच्या आधीच्या प्रार्थनेला पलीकडच्या गावातून चुलतबहीण फाबिओलाबाई आल्या. फाटकाच्या खांबामागे माझा एक धुमारा चुकून राहिला होता, आणि त्यावर नेमकं एक फूल.

"अगंबाई, काय रंग आहे! एक पाय भेट दे ना गं."

"नाही, फाबिओला."

"नाही?"

"दुसरं काहीही माग. हिचा पाय मागू नकोस. हिने दादाची निम्मी कॉफी घेतली. हा धुमारा उद्या सकाळी उपटणार आहे मी."

"पाय मागितला गं, शेत नाही मागितलं! म्हण ना सरळ, स्वतःचंच कुंपण सजवायचंय."

नोएमीबाईंचा चेहरा उतरला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पाय नाकारला होता. राग जावा म्हणून त्या फाबिओलाबाईंसाठी गरम बुन्युएलो, म्हणजे चीजचे तळलेले गोळे, बांधून आणायला आत गेल्या. तेवढ्यात टचकन आवाज झाला.

आता मी फाबिओलाबाईंच्या पर्समध्ये आहे. एका अंगाला जपमाळ, दुसऱ्या अंगाला बुन्युएलोचा ऊबदार पुडा, आणि माझ्याभोवती ओला रुमाल. जीप डोंगर उतरतेय. बाई खुशीत आहेत, चोरलेलं जास्त चांगलं रुजतं ना! त्यांच्या परसामागेही कुणाची तरी कॉफी असेल. तिकडे नोएमीबाई पेले धुताना 'सुटले एकदाची' म्हणत असतील.

अहो, तुम्ही तरी ऐका. नर्सरीत माझ्या बहिणी अजून टांगलेल्या आहेत. जाल तेव्हा फुलाचा रंग नंतर बघा, आधी विचारा, ही थांबते कुठे? आणि या जीपमध्ये कुणी ओळखीचं असेल, तर फाबिओलाबाईंना सांगा, हा रुमाल सोडा आणि मला टपावर उन्हात टाका. मी रागावणार नाही. माझ्या पेराला ओल लागलीय, लवकरच मूळ फुटेल. मला थांबता येत नाही हो. थांबवायचं काम तुमचंच आहे.